कातळावरचे पिवळे बाण

११ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या वाडीपासून खालच्या बंदरापर्यंत पायवाटेनं अंतर किती? मला माहीत नाही. पाचवी ते दहावी, सहा वर्षं त्याच वाटेनं शाळेत गेले. भूगोल घेऊन बी. ए. झाले. आणि फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात पेन अडलं.

पुण्याची एक संस्था कोकणातल्या जुन्या पायवाटा शोधते आहे. निवडलेल्या वाटेचा नकाशा करायचा, दगडांवर खुणा करायच्या, मग शहरातली चालणारी माणसं येणार आणि गावातल्याच एकाला वाटाड्याची नोकरी मिळणार. मुदत १५ डिसेंबर. संस्थेच्या नम्रता मॅडम फोनवर म्हणाल्या, "मनस्वी, तुझ्यासारखीच मुलगी आम्हाला हवी आहे." हे वाक्य मी दिवसभरात चार वेळा मनात म्हटलं. वाडीतली प्रत्येक शिकलेली मुलगी एक तर मुंबईला जाते, नाही तर मिरजोळ्याच्या कारखान्यात. मला इथंच राहून काहीतरी करायचं आहे. बाबा मुंबईत वॉचमन आहेत; निदान या घरातल्या एका माणसानं तरी उलट्या दिशेनं चालावं.

गाडीरस्त्यानं बंदर गाठायचं तर लांज्यात एस्टी बदलून एकतीस किलोमीटर. पायवाटेचं आईला विचारलं. ती चुलीपुढं बसून टाचेच्या भेगेत कोकमतेल भरत होती.

"डोक्यावर ओझं असंल तर तीन इसावे. रिकामं असलंस तर एक."

"किलोमीटरमध्ये सांग गो."

"किलोमीटर काय माझ्या पायाला बांधलेत?"

शेजारच्या केरू आबांना विचारलं. ते म्हणाले, "सकाळी निघालंस तर ऊन चढायच्या आत. ऊन चढल्यावर निघालंस तर येडं हायस."

रकाना रिकामा ठेवला. खाली ‘सध्याचा वापर’ असा रकाना होता, तिथं ‘पूर्ण बंद’ असं लिहिलं. पूल झाला, शाळेला एस्टी लागली, त्याला आठ वर्षं झाली. आता त्या वाटेनं कोण जाणार?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज केरू आबांची मुलाखत फोनवर रेकॉर्ड केली. पाच आजोबांपैकी ही शेवटची. आबा चिरेखाणीत काम केलेले, जांभ्याच्या दगडाबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. वाटेवर आणायला अर्धा तास गेला.

वाडी संपली की रघूदादाची काजूची बाग. बाग ओलांडली की सडा, म्हणजे नुसता उघडा कातळ, झाड नाही, घर नाही, चारी बाजूंनी सारखाच दिसणारा. आबा म्हणाले, सड्यावर चकवा लागतो. माणूस सरळ चालतो आहे असं त्याला वाटतं आणि फिरून त्याच खड्ड्याशी येतो. म्हणून सड्याच्या मधोमध पालदेव. देव म्हणजे एक उभा दगड आणि भोवती सुकलेल्या डहाळ्यांचा ढीग. जाणाऱ्यानं वाटेत एक डहाळी तोडायची आणि तिथं टाकायची.

"कशासाठी आबा?"

"मागनं येणाऱ्याला कळावं म्हनून. पाला हिरवा दिसला की समजायचं, आजच कोनतरी गेलंय. माणूस पुढं हाय. मग भ्या वाटत नाय."

हे मला शाळेत असताना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सात मुलं होतो. डहाळी टाकायची शर्यत लावायचो, ज्याची दगडाला लागेल तो पास. मी गणितात पास होण्यासाठी किंजळीच्या किती फांद्या ओरबाडल्या असतील! श्रावणात सडा तेरड्यानं जांभळा व्हायचा आणि धुकं उतरलं की पुढच्याचं दप्तर धरून चालायचं. घाटी उतरलो की पायथ्याशी ताजबीचं घर. दारात पाण्याची घागर, आम्ही चिखलाचे पाय धुणार, आणि ताजबी बोटं दुमडत आम्हाला मोजणार. संध्याकाळी परत मोजणार. तिची नात महरीन माझ्या वर्गात. ती आता लग्न होऊन शारजाला आहे. मी तिला वाटेचा एक फोटो पाठवला. तिनं उलट नुसते रडके चेहरे पाठवले, अकरा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एकटीच पालदेवापर्यंत जाऊन आले. निरीक्षणं लिहून ठेवते, नकाशाला लागतील.

एक. रघूदादाच्या बागेभोवतीच्या गडग्यातलं, दगडी कुंपणातलं, बेडं, म्हणजे येण्याजाण्यापुरती ठेवलेली फट आणि तिला आडवे तीन बांबू, शाबूत आहे.

दोन. सड्यावर गवत गुडघाभर. पण मधून एक पट्टा दबलेला. गुरं जात असावीत.

तीन. कातळावर ठराविक अंतरानं पांढरे ठिपके. पक्ष्यांची शीट असावी.

चार. पालदेवावर एक डहाळी हिरवीगार होती. गुराख्यांनी प्रथा टिकवली आहे, हे मुद्दाम नमूद करायला हवं.

परत आले तर आई घरात नव्हती, शेताकडे गेली असेल. तिन्हीसांजेला आली. मी नकाशाचा कच्चा कागद दाखवला, तर लगेच म्हणाली, "हितं आंबा कशाला काढलास? तो आंबा पडला की दोन वर्सांमागं." आईला सगळ्या खबरा कशा असतात कोण जाणे.

जेवायला तिसऱ्यांची, खाडीतल्या शिंपल्यांची, आमटी. आमच्याकडे शुक्रवारी तिसऱ्या असतातच, लहानपणापासून. शिंपल्या फेकायच्या नाहीत, मागच्या पडवीत पोत्यात भरायच्या, हाही आईचा जुना नियम. पोतं भरलं की ते कुठं जातं, मी कधी विचारलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पूर्ण वाट उतरले! आठ वर्षांनी. घाटीच्या वळणावरचा विसाव्याचा दगड तसाच आहे, उभ्या माणसाच्या छातीएवढा, डोक्यावरचा भार न वाकता उतरवता यावा असा. त्यावर हात ठेवला तर दगड गुळगुळीत. किती पाट्या तिथं टेकल्या असतील. वरच्या बायका भात घेऊन उतरायच्या, खालच्या बायका सुकी मासळी घेऊन चढायच्या, आणि इथंच अदलाबदल व्हायची. घाटीतून नदी दिसते, भरतीचं पाणी वर सरकताना आणि पलीकडच्या काठावर माडांची रांग. मी तिथं बसून थोडं रडले. कारण सांगता येत नाही.

ताजबी दारातच होती. घर ओळखू येत नाही. तिचा मुलगा यासीन कतारला असतो, त्यानं मजला चढवला, फरशी घातली. ताजबी मात्र बाहेर मातीतच बसलेली.

"कोनाचं गो तू? थांब, सांगू नको. गोदाचं. नाक सांगतंय."

"मनस्वी. महरीनच्या वर्गातली."

"म्हाईत हाय. आईची टाच बरी झाली?"

म्हातारपणी काळाचा गोंधळ होतो. आई कधीतरी शाळेच्या सभेला आली असेल, तेव्हाची टाच ताजबीच्या डोक्यात राहिली असणार. मी हो म्हटलं.

तिनं चहा केला. म्हणाली, "घर मोठं झालं, मानसं मोबाईलात गेली." मग वाटेबद्दल विचारलं तर तिचा चेहराच बदलला. पूर्वी दिवाळी झाली की तिचे घरवाले शिंपल्या भाजून चुना करायचे आणि सड्यापर्यंत दगडादगडावर बोटानं ठिपका द्यायचे. वरची माणसं वरून ठिपके देत यायची. दोन्हीकडचे पालदेवाशी भेटायचे, गूळ खायचे, परत फिरायचे. चकव्यावर उपाय.

म्हणजे मी पाहिलेले ठिपके जुने, त्या काळातले उरलेले! मी शीट समजले होते. किती चिवट चुना.

"तुना पायजे तर चुना देते," ताजबी म्हणाली. "ताजा हाय."

मी समजावून सांगितलं की संस्थेला कायमच्या खुणा हव्यात, चुना पावसात जातो.

"जातो म्हनून तर देतात," ती म्हणाली आणि हसली. तिला मुद्दा कळला नसावा. मी पुन्हा सांगायला गेले तेवढ्यात महरीनचा व्हिडिओ कॉल आला आणि मग आम्ही तिघी नुसत्या ओरडतच होतो.

२ डिसेंबर, सोमवार

लांज्याहून पिवळा ऑईलपेंट आणला. तीन दिवसांत एकशे त्रेचाळीस बाण. बोटं अजून पिवळी आहेत.

सड्यावर उभं राहून मागं पाहिलं. उन्हात बाण चमकत होते, एकामागे एक, वाडीपर्यंत. आता इथं कुणालाच चकवा लागणार नाही. मी विसाव्याच्या दगडावर सर्वांत मोठा बाण काढला. रघूदादाच्या गडग्यावर दोन्ही बाजूंनी दोन, बेड्याच्या अगदी शेजारी, लांबून दिसतील असे.

फोटो नम्रता मॅडमना पाठवले. त्यांनी लिहिलं, "अप्रतिम!"

आईला दाखवले. ती बराच वेळ फोन हातात धरून होती. मग म्हणाली, "रघूला इचारलंस?"

"वाट आहे ती आई. वाटेला काय विचारायचं?"

तिनं फोन मला परत दिला. मला वाटतं, तिला फोटोत नीट दिसलं नसावं.

५ डिसेंबर, गुरुवार

रघूदादानं वाट बंद केली.

बेड्याचे बांबू काढून फटीत छातीभर चिरे रचले आणि वर करवंदीची काटेरी जाळी टाकली. मी धावत गेले. तो वरच्या झाडाला पाणी घालत होता. रघूदादा मुंबईची नोकरी सुटल्यावर चार वर्षांमागं परत आला. काजूची कलमं त्यानं एकट्यानं खड्डे मारून लावली, हे सगळी वाडी जाणते.

"दादा, वाट का बंद केलीस?"

"कुठली वाट? कागदावर दाखव."

"पिढ्यान्‌पिढ्या लोक जात आलेत."

"जात व्हते तवा मी कधी अडवलं? गुरं गेली, मानसं गेली, कधी ‘कोन रे’ म्हटलं? पन तू बाण काढलास. पिवळा. माझ्या सासुरवाडीला मोजणीवाल्यांनी असाच रंग लावला व्हता. सासरे म्हनाले, लावू दे, रंगच तर हाय. दोन वर्सांनी बागेतनं डांबर गेलं."

"हे सरकारी नाही दादा. नुसते चालणारे लोक येणार."

"आज चालनारे. मग त्यांना बसायला बाकडं. मग हागायला खोली. मग ती बांधायला ट्रक. ट्रक काय घाटीनं चढनार?" त्यानं नळी खाली टाकली. "तू शिकलंस ना गो? वाडीतनं पहिलं बी. ए. झालंस. मग दगडावर रंग लावला म्हंजे काय व्हतं, हे तुला कळू नये?"

मी तशीच परत फिरले. खूप राग आला होता. आता लिहिताना वाटतं, राग त्याचा नव्हता.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी रघूदादाशी शांतपणे बोलायचं ठरवून गेले. गडग्यापाशी कुणीतरी बसलेलं दिसलं. जवळ गेले तर आई.

रचलेल्या चिऱ्यांसमोर ती पाय पसरून बसली होती. शेजारी शिंपल्यांचं पोतं, फडक्यात बांधलेले पोहे आणि एक डहाळी. किंजळीची, ताजी तोडलेली.

"आई, तू इथं काय करतंस?"

"बसलंय."

"कुठं चालली होतीस?"

तिनं काटेरी जाळीच्या पलीकडे पाहिलं. "खाली. ताजबीकडं. जुम्मा हाय ना आज. त्यांच्या होड्या जात नायत, बापये गडी मशिदीत. ती मोकळी असते."

मी तिथंच खाली बसले. सगळं एकदमच कळलं. हिरवी डहाळी, दबलेलं गवत, पडलेला आंबा, टाच, तिसऱ्या. ठिपके.

"सड्यावर चुना कोण देतं?"

"ती पालदेवापातूर येत नाय आता, गुडघे दुखतात. चुना देते माझ्याकडं. मी लावते."

"दर शुक्रवारी जातेस?"

"पावसात कवा कवा चुकतो."

"कधीपासून?"

"तुझ्या जल्माच्या आदीपासनं."

"मला सांगितलं का नाहीस गो?" माझा आवाज चढला असावा. "मी पाच जणांना विचारत फिरले. फॉर्मवर लिहिलं, वापर पूर्ण बंद!"

आईनं पोह्यांचं फडकं उचलून मांडीवर घेतलं.

"तू बापयांना इचारत व्हतंस," ती म्हणाली. "मना किलोमीटर इचारलंस."

७ डिसेंबर, शनिवार

काही लिहावंसं वाटत नाही. डहाळी काल आईनं गडग्याच्या अलीकडेच ठेवली. आज बघून आले. सुकली.

१० डिसेंबर, मंगळवार

नम्रता मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, घाबरू नकोस, वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, कायदा तुझ्या बाजूनं आहे. त्यांनी अर्जाचा नमुना पाठवला.

मी दुपारभर बसून अर्ज लिहिला. चांगला झाला होता. पुरावे म्हणून पाच मुलाखती, फोटो, आणि ‘माझी आई गेली तेवीसहून अधिक वर्षे दर शुक्रवारी सदर वाट वापरत आहे’ असं वाक्य. आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"मधी काय म्हनालंस?"

"कुठं?"

"माझं नाव, मग कायतरी, मग रघूचं नाव."

"विरुद्ध."

ती निवडायची थांबली. "मी लगीन होऊन आले तवा मना घाटी उतरता यायची नाय. खाली बघितलं की डोकं फिरायचं. रघूच्या आयशीनं उतरवली मना. एका हातानं मना धरलंन, कडेवर हा रघू. ताजबीच्या दारात मना बसवून म्हनाली, हिला सांभाळ गो, ही रडते." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मंग ताजबीनं तिसऱ्या दिल्यान. आमटी कशी करायची ते पन तिनंच शिकवलंन. तुला आवडते ती."

"मग वाट कशी उघडायची?"

"ते मना काय म्हाईत. शिकलंस तू."

टोमणा नव्हता, तिला खरंच वाटतं मला ठाऊक असेल. अर्ज वहीत ठेवला आहे. फाडला नाही. खरं सांगायचं तर अजून मोह होतो आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज आई एस्टीनं गेली. सातला निघाली, लांज्यात दीड तास गाडी नव्हती, बंदरात पोचली तेव्हा दुपार कलली होती. बसली अर्धा तास, लगेच परतीची गाडी. घरी आली ती भिंत धरत. आईला गाडी लागते, हेही मला माहीत असायला हवं होतं.

पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. मागच्या शुक्रवारी ताजबी तिसऱ्या घेऊन घाटीच्या पायथ्याशी बसली होती. घरात वाट बघवेना म्हणून काठी टेकत तिथवर आली. दुपारची बांग झाली, मग ऊन कलताना असरची झाली. तिसऱ्या वास मारायला लागल्या तेव्हा उठली.

"काय वाटलं तिला?"

"तुला सांगून काय करू?"

"सांग."

"म्हनाली, मना वाटलं, गोदाचं पोर मोठं शिकलं. आता आईला पाठवत नसंल आमच्याकडं."

मी बाहेर जाऊन बसले. पाचवीत असताना एकदा धुक्यात आम्ही सातातले सहाच खाली पोचलो होतो. मागे राहिले होते मी. ताजबी मासळी तशीच टाकून घाटी चढून आली होती, अनवाणी, माझं नाव ओरडत. वर मी सापडले तेव्हा तिनं आधी एक थोबाडीत दिली आणि मग पदराखाली घेतलं. पदराला सुकटीचा वास होता. हे मी फॉर्मच्या ‘वाटेशी निगडित आठवणी’ या रकान्यात लिहिलं होतं. शंभर शब्दांत. छान जमलं होतं.

१५ डिसेंबर, रविवार

मुदतीचा दिवस. सकाळी दहाला मॅडमना लिहून कळवलं की वाट देता येणार नाही. कारण लिहायचा चार वेळा प्रयत्न केला. शेवटी एवढंच लिहिलं: ही वाट वापरात आहे, माझी माहिती चुकीची होती.

त्यांचा फोन आला. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "अगं, वापरात असेल तर उलट चांगलंच ना?" मी म्हटलं, "ज्या वापरतात त्यांना मी विचारलं नव्हतं." त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी दुसरी वाट बघ.

दुसरी वाट मला माहीत नाही.

अर्ज फाडला. मग केरू आबांकडे जाऊन छिन्नी-हातोडी मागितली.

"थिनरनं पुसून बघितलंस?"

"बघितलं. पिवळं पाणी होतं आणि आत जातं."

"जाणारच. जांभा पितो. त्याचं तोंड कायम उघडं." आबांनी छिन्नीची धार अंगठ्यानं पाहिली. "एकशे त्रेचाळीस म्हनालंस? काढताना मोजू नको. दम लागतो."

१९ डिसेंबर, गुरुवार

चार दिवस. हाताला फोड, फुटले, परत आले. लावायला एका बाणाला दोन मिनिटं लागली होती. काढायला पंधरा. पिवळ्याखाली दगड लालभडक निघतो, जखमेसारखा. विसाव्याच्या दगडावरचा बाण काढताना सर्वांत वाईट वाटलं. पाट्या टेकून टेकून झालेला गुळगुळीतपणा तेवढ्या जागी गेला. तो आता माझ्या आयुष्यात परत येणार नाही.

शेवटी उरले गडग्यावरचे दोन. मी पहिलाच घाव घातला आणि चिरा हलला. पलीकडून आवाज आला.

"थांब! गडगा पाडतंस काय? आदी बाण काढलास, आता भिंत काढ."

रघूदादा. किती वेळ बघत होता कोण जाणे. त्यानं माझ्या हातातली छिन्नी घेतली, तिरपी धरली आणि हलक्या हातानं खरवडायला लागला.

"सड्यावरचे सगळे काढलंस?"

"हो."

"मी बघून आलो काल. एक राह्यलाय, पालदेवाच्या पाठी."

"उद्या काढते."

"काढला मी."

दोन्ही बाण गेल्यावर तो म्हणाला, "काकी मागल्या शुक्रवारी एस्टीनं गेली काय? लांज्याच्या स्टँडवर बसलेली बघितली बायकोनं. वकारी येत व्हती म्हने."

"हो."

"मना काय म्हाईत, ती अजून जाते म्हनून? मी मुंबईत व्हतो सात वर्सं. आता सकाळचा खळ्यात असतो." मला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही.

वाडीत हे कुणालाच माहीत नव्हतं, हे माझं जरा समाधान. छोटं आणि फारसं चांगलं नसलेलं समाधान.

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आई शिंपल्यांचं पोतं घेऊन निघाली. मी म्हटलं, बघून येते आधी. ती म्हणाली, बघायचं काय त्यात.

बेड्याचे तीन बांबू जागेवर होते. नवे, हिरवे. चिरे बाजूला रचलेले, आणि त्यांतला एक मुद्दाम पायरीसारखा खाली ठेवलेला, टाच दुखणारीला चढता यावं असा. रघूदादा कुठं दिसला नाही.

आईनं डहाळी तोडली. मीही तोडली.

१७ जानेवारी, शुक्रवार

महिनाभर वही उघडली नाही. ६ तारखेपासून मिरजोळ्याला नोकरीला लागले आहे, काजूच्या कारखान्याच्या ऑफिसात. जिथं जायचं नाही म्हणत होते तिथंच. काम वाईट नाही. रत्नागिरीत मावसबहिणीकडे राहते, आणि गुरुवारी संध्याकाळच्या एस्टीनं घरी येते.

आज आम्ही दोघी सकाळीच निघालो. आईनं नारळाच्या करवंटीत चुना घेतला होता. दगड छिलले तिथं जुने ठिपके गेले होते, त्या लाल जागांवर नवे द्यायचे होते. पहिला ठिपका गडग्यापाशी. रघूदादा कलमांजवळ उभा होता. काजूला मोहोर आला आहे, सगळी बाग आंबूस गोड वासानं भरलेली. मी करवंटी वर करून विचारलं, "दादा, एक देऊ?"

"काय हाय?"

"चुना."

"चुनाच ना? दे. पावसात जातो." आणि मग मागून ओरडला, "पुढल्या वर्सी परत इचारायचं!"

"विचारीन!"

म्हणजे ताजबी हसली होती ती यासाठी. मला नोव्हेंबरमध्येच सांगून झालं होतं.

बोटानं ठिपके देत सडा ओलांडला. सकाळचा चुना उन्हात वाळत पांढरा होतो, दिल्यावर आधी दिसतच नाही. मागे वळून पाहिलं की दिसतो. पालदेवापाशी ढीग आता माझ्या गुडघ्याएवढा आहे. दुरून आई माझ्याकडे बघत होती, म्हणून मी नेम धरून डहाळी फेकली. दगडाला लागली.

"पास," आई म्हणाली. म्हणजे तिला तेही माहीत होतं.

विसाव्याच्या दगडाशी थांबलो. मी रिकाम्या हातांनी उतरत होते, तरी मला दोन विसावे लागले. आईला एक. खाली ताजबी काठी टेकून उभी. आम्ही घाटीच्या शेवटच्या वळणावर दिसताच तिनं बोट वर केलं, मग दुसरं बोट. मोजलं तिनं.

आज तिसऱ्या मी निवडल्या. हाताचे घट्टे दाखवले तर ताजबी म्हणाली, "बरं झालं. नुसती बी. ए. व्हतंस."

ऑफिसात पहिल्या दिवशी साहेबांनी कागद भरताना साप्ताहिक सुट्टीच्या रकान्यात रविवार लिहिला होता. मी म्हटलं, मला शुक्रवार हवा. त्यांनी चष्म्यावरून माझं आडनाव परत वाचलं.

"शुक्रवार कशाला? देवळाचं काही?"

"नाही सर. आईबरोबर खाली जायचं असतं."

"खाली म्हणजे कुठं? किती लांब?"

"ओझं असलं तर तीन विसावे," मी म्हटलं.

रविवार खोडून त्यांनी शुक्रवार लिहिला. आजचा दुसरा.